पर्फमध्ये सोर्स कोडच्या ओळी दिसत नाहीयेत? टप्प्याटप्प्याने असं शोधा

पर्फ, म्हणजे प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणारा लिनक्सवरचा प्रोफाइलर, चालवला, सगळ्यात जास्त वेळ खाणारं फंक्शन सापडलं, त्यावर एंटर दाबला आणि समोर काय तर नुसती असेंब्ली. मूव्ह, अॅड, कंपेअर, जंप. आपण लिहिलेल्या सी++ ची एक ओळ पण नाही. जळगाव-धुळ्याकडची जी पोरं परफॉर्मन्सच्या कामात नवीन शिरतात त्यांचा सगळ्यात जास्त वेळ ह्याच एका गोष्टीत जातो, आणि प्रत्येकाने विचारायला यायच्या आधी तेच करून झालेलं असतं, मेकफाइलमध्ये -जी (कंपायलरला डीबग माहिती घालायला सांगणारा फ्लॅग) टाकला, परत बिल्ड केलं, परत रेकॉर्ड केलं, परत तेच. मग प्रश्न येतो, "-जी तर टाकलाय ना भो, मग काय व्हयनं?"

माझं म्हणणं एवढंच आहे की लगेच परत बिल्ड करायचं नाही. जळगावहून नागपूरला पाठवलेलं पार्सल पोचलं नाही तर आपण आधी ते भुसावळला अडकलंय की अकोल्याला ते विचारतो, लगेच दुसरं पार्सल पाठवत नाही, तसंच हे आहे. प्रोफाइलरला तुमच्या कोडची ओळ दाखवायला चार-पाच टप्पे पार करावे लागतात आणि त्यातला एकच तुटलेला असतो बहुतेक वेळा. कोणता ते दोन मिनिटात कळतं.

(कमांडा इथे आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये इंग्रजीत टाकायच्या हे सांगायला नकोच.)

उदाहरणाला डाळ मिलचा कलर सॉर्टर घेऊ, जळगावात डाळ मिल काय कमी नाहीत. पडणाऱ्या दाण्यांचा कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा, डागी दाणा दिसला की हवेच्या झोताने बाजूला उडवायचा, एवढं ते मशीन करतं. धरून चला की आत एआरएमचा छोटा बोर्ड आहे, त्यावर लिनक्स, त्यावर 'सॉर्टर' नावाचा आपला सी++ प्रोग्राम, आणि दाण्याचा रंग ठरवणारं फंक्शन रंग.सीपीपी ह्या फाइलमध्ये आहे. मशीन मिलमध्ये, आपण एमआयडीसीतल्या ऑफिसात लॅपटॉप घेऊन. हे उदाहरण मुद्दाम घेतलंय कारण ह्यात जवळपास सगळ्या भानगडी एकत्र येतात.

आधी हे समजून घ्या की ओळ दिसते कशी

पर्फ सॅम्पल घेतो तेव्हा त्याला फंक्शन, फाइल, ओळ ह्यातलं काहीच माहीत नसतं. त्याला मिळतो फक्त एक अॅड्रेस, की त्या क्षणी सीपीयू ह्या इन्स्ट्रक्शनवर होता. तो अॅड्रेस कोणत्या बायनरीतला किंवा लायब्ररीतला ते प्रोसेसच्या मेमरी मॅपवरून ठरतं. मग ती बायनरी डिस्कवर शोधली जाते, आणि ती तीच आहे ना हे बिल्ड-आयडीवरून, म्हणजे त्या बिल्डच्या ओळख-नंबरवरून, तपासलं जातं. मग त्या बायनरीतल्या डीबग माहितीत, म्हणजे ड्वॉर्फ फॉरमॅटमधल्या लाइन टेबलमध्ये, बघितलं जातं की हा अॅड्रेस कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीचा. आणि शेवटी त्या टेबलमध्ये जो पाथ लिहिलाय त्या पाथवर सोर्स फाइल खरोखर आहे का ते बघून ती उघडली जाते. लक्षात घ्या, तुमचा सोर्स कोड बायनरीत नसतो, -जी टाकला तरी नसतो, तिथे फक्त फाइलचं नाव आणि ओळ नंबर असतो. ह्या एका गैरसमजापायी लोक तासनतास घालवतात.

शेवटचं काम पर्फ स्वतः करत पण नाही, सहसा ऑब्जडम्पला (बायनरी उलगडून असेंब्ली दाखवणारं टूल) बोलावतो. त्यामुळे ऑब्जडम्प ज्यात येतो ते बिनयुटिल्स पॅकेज टाकलेलं नसेल, छोट्या कंटेनर इमेजमध्ये बऱ्याचदा नसतं, तर पर्फ अॅनोटेट (इन्स्ट्रक्शन आणि ओळी दाखवणारी पर्फची कमांड) तिथेच आपटतो.

पहिलं काम: फाइल कमांड

फाइल सॉर्टर. एवढंच टाइप करा. आउटपुटच्या शेवटी तीनपैकी एक गोष्ट असेल. 'विथ डीबग इन्फो, नॉट स्ट्रिप्ड' असेल तर डीबग माहिती आहे. नुसतं 'नॉट स्ट्रिप्ड' असेल तर फंक्शनची नावं आहेत पण ओळी नाहीत. आणि 'स्ट्रिप्ड' (म्हणजे ही माहिती काढून टाकलेली) असेल तर दोन्ही नाही. मधल्या केसमध्ये सगळे फसतात, कारण पर्फ रिपोर्टमध्ये फंक्शनचं नाव छान दिसतं म्हणून वाटतं की डीबग माहिती आहेच, पण नाव येतं सिम्बॉल टेबलमधून आणि ओळ येते ड्वॉर्फमधून, दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या.

आणि ही कमांड ज्या बायनरीवर रेकॉर्डिंग झालं तिच्यावरच चालवा. बिल्ड फोल्डरमधली बायनरी आणि मशीनवर इन्स्टॉल झालेली बायनरी ह्यात फरक असतो, इन्स्टॉल कमांडला -एस दिलेला असला की ती कॉपी करता करता स्ट्रिप करते, डेबियन पॅकेज बनवताना पण स्ट्रिप होतंच.

डीबग माहिती नसेल तर

मेकफाइलमध्ये -जी लिहिलाय म्हणजे तो कंपायलरपर्यंत पोचलाच असं नाही. सीमेक वापरत असाल तर मेक व्हर्बोज=१ करून खरी कमांड डोळ्याने बघा. सीमेकचा 'रिलीज' बिल्ड टाइप -ओ३ देतो, -जी देत नाही. आपल्याला हवा 'रेलविथडेबइन्फो', तो -ओ२ आणि -जी दोन्ही देतो. लिंकरच्या फ्लॅग्जमध्ये कुठे -एस लपलेला असेल तर तो शेवटी सगळं पुसून टाकतो, ते पण बघा. रस्टवाले असाल तर कार्गो.टॉमलमध्ये प्रोफाइल रिलीजखाली डीबग चालू करा, रिलीज बिल्डमध्ये ते मुळात बंद असतं.

बरेच जण -जी टाकायला घाबरतात, कस्टमरकडचा प्रोग्राम हळू होईल म्हणून. नाही होत. डीबगचे सेक्शन फाइलमध्ये पडून असतात, प्रोग्राम चालताना मेमरीत लोड होत नाहीत, आणि जीसीसीमध्ये -जी मुळे तयार होणारा मशीन कोड बदलत नाही. फाइल मोठी होते, बस. बोर्डवर जागा कमी असेल तर -जी१ वापरा, त्यात लाइन टेबल येतं आणि व्हेरिएबलची माहिती गळते, क्लँगमध्ये -जीलाइन-टेबल्स-ओन्ली आहे. प्रोफाइलिंगला तेवढं पुरतं.

उलट ज्याला मी सक्त नाही म्हणेन ते म्हणजे ओळी नीट दिसाव्यात म्हणून -ओ० वर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, प्रोफाइल करणं. ओळी दिसतील मस्त, पण ज्या प्रोग्रामचं मोजमाप होतंय तो तुमचा प्रोग्रामच नाही, सगळे छोटे फंक्शन कॉल जिवंत असतात आणि तेच वर चढून बसतात.

डीबग माहिती आहे तरी ओळ नाही: अॅडर-टू-लाइन चालवा

इथे खरी मजा आहे, कारण ही एक कमांड प्रॉब्लेमचे सरळ दोन तुकडे करते. पर्फ अॅनोटेट --एसटीडीआयओ करून जे आउटपुट येतं त्यात टक्क्यांच्या शेजारी इन्स्ट्रक्शनचा अॅड्रेस असतो, त्यातला सगळ्यात गरम, म्हणजे जास्तीत जास्त टक्क्यांचा, एक उचला आणि असं करा: अॅडर-टू-लाइन -ई सॉर्टर -एफ -सी -आय, आणि पुढे तो अॅड्रेस. -एफ फंक्शनचं नाव देतो, -सी ने सी++ चं नाव वाचण्यासारखं होतं, -आय ने इनलाइन झालेली (बोलावणाऱ्या फंक्शनच्या आतच घातली गेलेली) सगळी उतरंड दिसते.

एक सावधगिरी आहे. पर्फ स्क्रिप्टमधून मिळणारा कच्चा अॅड्रेस इथे टाकू नका. आजकालच्या बायनरी पीआयई असतात, कर्नल त्या दर वेळी वेगळ्या जागी लोड करतो, त्यामुळे चालू प्रोसेसमधला अॅड्रेस आणि फाइलमधला अॅड्रेस वेगळे. तो टाकलात तर प्रश्नचिन्हं येतील आणि तुम्ही उगाच म्हणाल की डीबग माहिती खराब आहे.

आता उत्तर काय आलं ते बघा.

नुसती प्रश्नचिन्हं आली तर ह्या अॅड्रेसची डीबग माहिती नाही. बाकी बायनरीची असेल पण ह्या फाइलची नसेल, म्हणजे कोणती तरी स्टॅटिक लायब्ररी -जी शिवाय बनलेली आहे आणि तुमच्या सॉर्टरमध्ये येऊन चिकटलीय. किंवा तुमचं टूल जुनं आणि कंपायलर नवा. जीसीसी ११ पासून आणि क्लँग १४ पासून ड्वॉर्फ ५ हा डिफॉल्ट झालाय आणि जुन्या टूल्सना तो वाचता येत नाही, व्हॅलग्राइंडला (हे प्रोफाइलिंगचं दुसरं एक टूल) तो समजायला लागला ३.१७ व्हर्जनपासून, २०२१ मध्ये. टूल अपग्रेड करता येत नसेल तर कंपाइल करताना -जीड्वॉर्फ-४ द्या.

बरोबर फाइल, बरोबर ओळ आली पण पाथ असा की जो तुमच्या लॅपटॉपवर अस्तित्वातच नाही, तर अभिनंदन, सगळ्यात सोपी केस आहे, खाली वाचा.

फाइल बरोबर पण ओळ भलतीच, म्हणजे कंसावर नाहीतर कॉमेंटवर बोट ठेवतोय, तर बिल्डनंतर सोर्स बदललाय. कोणीतरी गिट पुल केलं, वरती चार ओळी वाढल्या, सगळं खाली सरकलं. ऑब्जडम्प अशा वेळी वॉर्निंग देतो की सोर्स फाइल ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवीन आहे, पण पर्फच्या रंगीत स्क्रीनमागे ती वॉर्निंग कोणाला दिसते. ज्या कमिटवरून बिल्ड झालं तोच कमिट चेकआउट करा. हा प्रकार ओळी न दिसण्यापेक्षा वाईट, कारण ओळी दिसतात आणि खोट्या असतात.

पाथचा घोळ

आपला सॉर्टर डॉकर कंटेनरमध्ये क्रॉस-कंपाइल होतो असं समजा, तिथे सोर्स असतो /बिल्ड/सॉर्टर/ मध्ये. लाइन टेबलमध्ये तोच पाथ छापला गेला. लॅपटॉपवर तुमचा कोड /होम/ च्या आत कुठेतरी. पर्फ /बिल्ड/सॉर्टर/रंग.सीपीपी शोधतो, सापडत नाही, आणि काही न बोलता नुसती असेंब्ली दाखवतो. एरर नाही, काही नाही, हा गप्पपणाच सगळा घात करतो.

इलाज तीन. सगळ्यात झटपट म्हणजे लॅपटॉपवर /बिल्ड/सॉर्टर ह्या नावाची सिमलिंक बनवून ती खऱ्या फोल्डरकडे वळवायची. गावठी वाटतो पण दहा सेकंदात काम होतं आणि ऑब्जडम्प, जीडीबी, व्हॅलग्राइंड सगळ्यांना एकदम चालतो. दुसरा, पर्फ अॅनोटेटला --प्रीफिक्स आणि --प्रीफिक्स-स्ट्रिप द्यायचे, पहिल्यात नवीन फोल्डर आणि दुसऱ्यात जुन्या पाथचे सुरुवातीचे किती भाग कापायचे तो आकडा. आपल्या केसमध्ये २, कारण बिल्ड आणि सॉर्टर हे दोन कापायचेत. तिसरा कायमचा, कंपाइल करतानाच -एफफाइल-प्रीफिक्स-मॅप देऊन पाथ बदलून टाकायचा, जीसीसी ८ पासून आहे.

सीकॅश (आधी कंपाइल झालेल्या फाइली साठवून परत वापरणारं टूल) वापरत असाल तर अजून एक. कॅशमधली ऑब्जेक्ट फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये बनलेली असू शकते आणि तिच्यात त्या दुसऱ्या फोल्डरचा पाथ असतो. डिफॉल्ट सेटिंगमध्ये -जी असताना सीकॅश फोल्डर पण हिशेबात घेतो, पण कोणी स्पीडसाठी हॅश-डिर बंद केलेलं असेल तर हे होणारच. पाथ बघून 'हा तर बाजूच्याचा फोल्डर आहे' असं वाटलं की आधी तिकडे बघा.

मशीन तिकडे, लॅपटॉप इकडे

मिलमधल्या बोर्डवर पर्फ रेकॉर्ड केलं, पर्फ.डेटा फाइल पेनड्राइव्हवर आणली, लॅपटॉपवर उघडली. आता पर्फला सॉर्टरची तीच बायनरी हवी, आणि तीच म्हणजे बिल्ड-आयडी जुळणारी. पर्फ बिल्डआयडी-लिस्ट केलं की रेकॉर्डिंगमध्ये कोणकोणत्या आयडीच्या फाइली होत्या ते दिसतं, ४० अंकांचा लांबलचक हेक्स आकडा असतो, आणि रीड-एल्फ -एन सॉर्टर केलं की तुमच्या हातातल्या बायनरीचा आयडी दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा. जुळत नसतील तर पुढे काहीही करण्यात अर्थ नाही.

आणि म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, नुसतं परत बिल्ड करू नका. -जी टाकून परत बिल्ड केलं की बिल्ड-आयडी सहसा बदलतो, जुनं रेकॉर्डिंग त्या नव्या बायनरीशी जुळणार नाही, नवीन बायनरी बोर्डवर टाकून परत रेकॉर्ड करावंच लागतं. मिल चालू असेल त्या वेळेला जावं लागतं म्हणजे दिवस गेला.

स्ट्रिपचं मात्र उलटं आहे. स्ट्रिप केल्याने बिल्ड-आयडी बदलत नाही. बोर्डवर स्ट्रिप केलेली बायनरी चालवली असेल आणि त्याच बिल्डची न स्ट्रिप केलेली कॉपी तुमच्याकडे असेल तर ती चालते, परत रेकॉर्ड करायची गरज नाही. पण एक पाचर आहे इथे. पर्फ बायनरीची कॉपी होम फोल्डरमधल्या .डीबग नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि तिथे जर आधीच स्ट्रिप केलेली कॉपी बसलेली असेल, आयडी तोच, तर तो तीच उचलू शकतो. तुम्ही कितीही चांगली बायनरी शेजारी ठेवा, फरक पडत नाही. पर्फ बिल्डआयडी-कॅश --रिमूव्ह करून जुनी काढा आणि --अॅड करून पूर्ण डीबग माहितीवाली घाला. "सगळं बरोबर आहे तरी दिसत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी हे करून बघा.

बोर्डवरच्या सगळ्या लायब्ऱ्या पण आणायच्या असतील तर बोर्डवर पर्फ आर्काइव्ह चालवा, तो एक टार फाइल बनवतो, ती लॅपटॉपवर त्याच .डीबग फोल्डरमध्ये सोडवायची. बोर्डची पूर्ण फाइलसिस्टीम तुमच्याकडे असेल तर --सिमएफएस देऊन तिकडे बोट दाखवलं तरी चालतं.

आणि लॅपटॉप इंटेलचा, बायनरी एआरएमची. लॅपटॉपवरच्या साध्या ऑब्जडम्पला एआरएमची भाषा येत नसेल तर --ऑब्जडम्प देऊन क्रॉस टूलचेनमधला ऑब्जडम्प सांगा.

ओळी आहेत, पण तुम्हाला वाटतंय नाहीत

पर्फच्या स्क्रीनवर एस दाबून बघितलंत का? सोर्स दाखवणं चालू-बंद करायचं ते बटण आहे, चुकून दाबलं जातं. हसू नका, होतं असं.

दुसरं, सोर्सच्या ओळीसमोर टक्के नसतात, टक्के असतात त्याखालच्या इन्स्ट्रक्शनसमोर. त्यामुळे वरवर बघणाऱ्याला वाटतं की आपल्या ओळींना काही आकडेच नाहीत. ओळीनिहाय हिशेब हवा असेल तर --एसटीडीआयओ सोबत -एल द्या.

तिसरं इनलाइनिंग. दाण्याचा रंग ठरवणारं फंक्शन छोटं आहे, -ओ२ ने ते बोलावणाऱ्या लूपमध्येच विरघळवून टाकलं, मग रिपोर्टमध्ये त्याचं नावच नाही, आणि लूपमध्ये शिरावं तर तिथे व्हेक्टरच्या हेडर फाइलमधल्या ओळी दिसतात ज्या तुम्ही जन्मात लिहिलेल्या नाहीत. काही बिघडलेलं नाही, कंपायलरने त्याचं काम केलंय. अॅडर-टू-लाइनचा -आय इथे कामाला येतो, हेडरपासून तुमच्या ओळीपर्यंतची उतरंड दाखवतो. फारच गुंता असेल तर त्या एका फंक्शनवर नोइनलाइन अॅट्रिब्यूट टाकून एक वेळ मोजा, आणि मग काढून टाका, विसरू नका. एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) चालू असेल तर हा गुंता अजून वाढतो, कारण एका फाइलमधलं फंक्शन दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनात पण जाऊन बसतं.

चौथं, टक्का एक ओळ खाली पडतो. भागाकाराची ओळ महाग असते पण आकडा तिच्या पुढच्या साध्या बेरजेसमोर दिसतो, कारण इंटरप्ट येईपर्यंत सीपीयू पुढे सरकलेला असतो. इंटेलवर इव्हेंटच्या नावाला सायकल्स:पीपी असं केलं की बरंच नेमकं होतं. एआरएमच्या छोट्या बोर्डवर ती सोय मिळेलच असं नाही, तिथे आपणच एक ओळ वर बघायची सवय ठेवायची.

केकॅशग्राइंड वापरणाऱ्यांसाठी

व्हॅलग्राइंडमधल्या कॉलग्राइंडने चालवून त्याचं आउटपुट केकॅशग्राइंडमध्ये बघणाऱ्यांना 'सोर्स उपलब्ध नाही' असा मेसेज येतो, पर्फसारखा गप्प बसत नाही तो, एवढं बरं. कॉलग्राइंडची आउटपुट फाइल साधी टेक्स्ट असते, तिच्यात एफएल= ने सुरू होणाऱ्या ओळी ग्रेप करा. तिथे तुमच्या फंक्शनसाठी तीन प्रश्नचिन्हं असतील तर डीबग माहिती नव्हती, -जी देऊन बिल्ड करा आणि परत चालवा. तिथे पाथ असेल पण तो तुमच्याकडे नसेल तर केकॅशग्राइंडच्या सेटिंगमध्ये सोर्स अॅनोटेशनचं पान आहे, त्यात खरं फोल्डर जोडा, किंवा कमांडलाइनवरचं कॉलग्राइंड-अॅनोटेट वापरत असाल तर --इन्क्लूड द्या. असेंब्ली पण हवी असेल तर चालवतानाच --डम्प-इन्स्ट्र=येस द्यावं लागतं, नंतर मिळत नाही.

सी++ सोडून

गो भाषेत लिहिणाऱ्यांना डीबग माहितीचं टेन्शन कमी, लाइन टेबल रनटाइमच बाळगतो, लिंकरला -एस -डब्ल्यू दिलं तरी पीप्रॉफला (गोचा प्रोफाइलर) ओळ नंबर मिळतात. त्यांचा घोळ शंभर टक्के पाथचा असतो, विशेषतः -ट्रिमपाथने बिल्ड केलं असेल तर. पीप्रॉफला -सोर्स-पाथ आणि -ट्रिम-पाथ द्या. (दोन्हीत मधे अंडरस्कोर आहे.)

पायथन ३.१२ पासून -एक्स पर्फ देऊन चालवलं की पर्फला पायथनच्या फंक्शनची नावं दिसतात, पण ओळीनिहाय अॅनोटेशन त्यातून मिळत नाही, त्यासाठी पाय-स्पाय घ्या. जावामध्ये कोड चालता चालता बनतो म्हणून डिस्कवर बायनरीच नाही, तिथे अॅसिंक-प्रोफाइलर सरळ पडतो, पर्फशी कुस्ती नको.

सिस्टीम लायब्ररीच्या ओळी

कधी गरम फंक्शन एलआयबीसी ह्या सी च्या मूळ लायब्ररीमधलं निघतं. डिस्ट्रोच्या लायब्ऱ्या स्ट्रिप करूनच येतात. डेबियन-उबुंटूवर एलआयबीसी६-डीबीजी पॅकेज टाका, किंवा डीबगइन्फोडी-यूआरएल्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तुमच्या डिस्ट्रोच्या सर्व्हरवर सेट करा, मग बिल्ड-आयडीवरून डीबग फाइल आपोआप डाउनलोड होते. ही सोय एल्फयुटिल्समध्ये २०१९ ला आली. तुमचा पर्फ त्यासाठी बिल्ड झालेला आहे का ते पर्फ व्हर्जन --बिल्ड-ऑप्शन्सने बघा. पण खरं सांगू का, मेमकॉपीच्या आतल्या ओळी बघून सहसा काही मिळत नाही, तिला एवढ्या वेळा कोण बोलावतंय ते बघा.

पुढच्या रिलीजच्या वेळी एवढं करून ठेवा

कस्टमरकडे स्ट्रिप केलेली बायनरी जाणार असेल तर स्ट्रिप करायच्या आधी ऑब्जकॉपी --ओन्ली-कीप-डीबग करून डीबग माहिती वेगळ्या फाइलमध्ये काढा, मग बायनरी स्ट्रिप करा, आणि शेवटी ऑब्जकॉपी --अॅड-जीएनयू-डीबगलिंक देऊन बायनरीला त्या फाइलचं नाव सांगा. ती डीबग फाइल रिलीजच्या गिट टॅगच्या नावाच्या फोल्डरमध्ये ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवा. लॅपटॉपवर कायमची सोय हवी असेल तर /यूएसआर/लिब/डीबग/.बिल्ड-आयडी/ मध्ये ठेवायची, आयडीचे पहिले दोन अंक हे फोल्डरचं नाव आणि उरलेले अंक हे फाइलचं नाव, शेवटी .डीबग. डीबगलिंकवर अवलंबून असाल तर त्या फाइलचं नाव नंतर बदलू नका आणि तिला परत स्ट्रिप वगैरे करू नका, लिंकमध्ये नावासोबत सीआरसी (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) पण लिहिलेला असतो आणि तो जुळला नाही तर ती फाइल सरळ नाकारली जाते.